बोरजाईची ओळखपरेड

"मिशी खरी हाय का?"

मी मिसळीचा घास तोंडात तसाच धरून वर पाहिलं. समोरच्या बाकावर एक हवालदार येऊन बसला होता. पन्नाशीचा, पोट टेबलाला टेकलेलं, टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

"कुणाची? माझी?"

"मग काय माझी?" त्याला मिशीच नव्हती.

"खरी आहे."

"बघू." त्यानं टेबलावरून हात लांबवला, माझी मिशी चिमटीत धरली आणि ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाय खरी," तो म्हणाला. आवाजात जरा निराशाच होती.

ही ब्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी बोरजाईच्या एस.टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये बसलो होतो. बोरजाईला मी पहिल्यांदाच आलो होतो. मिरजेचे पोतदार मास्तर नाटकांची रंगभूषा करायचे आणि मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होतो. बोरजाईच्या कन्याशाळेत त्या दिवशी संध्याकाळी स्नेहसंमेलन होतं. मास्तर स्वतः येणार होते, पण आदल्या दिवशी त्यांना सणसणून ताप भरला. "भालचंद्र, तू जा," ते पांघरुणातून म्हणाले. "अठ्ठावीस मुली आहेत. एकीचाही रंग ओघळता कामा नये." मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि एकट्यानं करायचं ते माझं पहिलंच काम होतं.

"पिशवीत काय हाय?" हवालदारानं विचारलं.

"सामान आहे, साहेब. मेकअपचं."

"उघड."

मी पिशवी उघडली. वरच मास्तरांचा पुठ्ठा होता. त्यावर टाचणीनं ओळीनं मिशा लावलेल्या आणि प्रत्येक मिशीखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात नाव. हवालदार बोटानं एकेक वाचत गेला. "डॉक्टर... सावकार... प्रोफेसर... इन्स्पेक्टर..." शेवटच्या मिशीवर बोट थांबलं. ती बारीक, कोरलेली मिशी होती आणि खाली लिहिलं होतं, 'नवरामुलगा'.

हवालदारानं टोपी डोक्यावर चढवली आणि तो उभा राहिला.

"घावलास की रे," तो म्हणाला.

"कोण घावलं?"

"चल. चौकीत सांगतो."

कँटीनवाला गल्ला सोडून आला. कंडक्टर, फळवाले, मुलाला कडेवर घेतलेली एक बाई, सगळे जमले. मी शाळेचं नाव सांगितलं, मुख्याध्यापिकांचं नाव सांगितलं, मिशांचं कारण सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकी गर्दी वाढत गेली. हवालदारानं माझी पिशवी काखेत मारली आणि बाहेर उभ्या असलेल्या सायकलकडे बोट केलं.

"चालव तू."

"मी?"

"माझा गुडघा दुखतोय. मी मागं बसतो."

"आणि मी पळून गेलो तर?"

"मला मागं घिऊन कुठं पळशील?"

ते खरं होतं. त्याचं वजन मागच्या चाकावर पडलं तेव्हा पुढचं चाक जमीन सोडतं की काय असं वाटलं. बाजारपेठेतून मी धापा टाकत पोलीस चौकीपर्यंत आलो. वाटेत तो मागून रस्ता सांगत होता. "डावीकडं. गटार संभाळ. आता सरळ." मागून पंधरा-वीस माणसं चालत येत होती.

चौकीत फौजदार जगदाळे बसले होते. तरुण होते, नुकतेच रुजू झालेले असावेत. टेबलावरची प्रत्येक वस्तू सरळ रेषेत होती. त्यांनी माझ्या खिशातलं शाळेचं पत्र वाचलं.

"हे पत्र वसंतराव पोतदारांच्या नावे आहे. तुम्ही पोतदार?"

"नाही साहेब. मी भालचंद्र शिरगुप्पे."

"मग पोतदारांचं पत्र तुमच्याकडे कसं?"

"त्यांना ताप आलाय. त्यांनीच दिलं."

"शाळेत तुम्हाला कोणी पाहिलेलं आहे?"

"नाही. मास्तरांनाच ओळखतात."

"म्हणजे," जगदाळे सावकाश म्हणाले, "नाव दुसऱ्याचं, गावात ओळखणारं कोणी नाही, आणि पिशवीत मिशा, दाढ्या, टोप आणि पाच चष्मे."

त्यांनी ते असं ओळीनं मांडल्यावर माझा स्वतःवरचाच विश्वास डळमळला.

"मिरजेला फोन लावा, साहेब. मास्तरांच्या घराशेजारी औषधाचं दुकान आहे. ते बोलावून देतील त्यांना."

जगदाळ्यांनी फोन उचलला. "एक्स्चेंज? मिरजेचा ट्रंक कॉल हवाय. नंबर लिहून घ्या... किती वेळ लागेल? चार तास? बरं." मग ते थांबले. टेबलावरची दौत त्यांनी उगाच सरकवली आणि आवाज खाली आणला. "आणि बाई, तुम्हाला स्वतःला जरा यावं लागेल. ...हो. पुन्हा एकदा. ...मला कळतं हो. पण या वेळी माणूस समोर बसलाय. ...बरं. वाट बघतो."

फोन ठेवून ते कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. हवालदार माझ्याशेजारी बाकावर टेकला. त्याचं नाव खिलारे.

"कोण येतंय?" मी विचारलं.

खिलारेंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुला ठावं नसंल तर सांगतो. आन ठावं असंल तर लाज वाटून घे." आणि त्यांनी सांगितलं.

कुमुद आवटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. वडील रिटायर कंपाउंडर, एकुलती मुलगी. वर्षापूर्वी प्रकाश देसाई नावाचा एक इंजिनिअर गावात आला. धरणाच्या कामावर आहे म्हणाला. गोड बोलणारा, चष्मा, कोरलेली मिशी. साखरपुडा झाला, अख्खं गाव जेवून गेलं. दोन दिवसांनी तो घरी आला, म्हणाला तुमच्या पाटल्यांचा नमुना फार छान आहे, तसल्याच कुमुदसाठी करून आणतो. कुमुदच्या आईनं हातातल्या काढून दिल्या. तो गेला तो गेलाच. धरणावर चौकशी केली तर तिथं असला इंजिनिअर कोणी नव्हताच. आणखी दोन तालुक्यांत त्यानं हेच केलं होतं, निराळ्या नावानं, निराळ्या मिशीनं.

"पाटल्यांचं काय न्हाई," खिलारे म्हणाले. "पर आता पोरगी रस्त्यानं निघाली की बायका म्हणत्यात, बिचारी. दोनदा वळखायला नेली तिला, एकदा कराडला, एकदा जतला. दोन्ही बारीला भलताच माणूस. आज तिसरी बारी. लगीन न्हाई, कार्य न्हाई, कुठं म्हणून जात न्हाई ती."

ते ऐकल्यावर माझी भीती कमी झाली नाही, पण तिच्यात दुसरंही काहीतरी मिसळलं. मला त्या माणसाचा राग आला. आणि तो माणूस मीच आहे असं समजून खिडकीच्या गजांना लोक लटकले होते.

वेळ जाता जाईना. खिलारेंनी पुठ्ठा पुन्हा काढला. "ही 'इन्स्पेक्टर' म्हंजे आमच्या साहेबासारख्यांची व्हय?"

"हो. नाटकातल्या."

त्यांनी ती काढून ओठावर धरली आणि भिंतीवरच्या आरशात पाहिलं. वाकडी धरली होती. मला राहवेना. "तसं नाही, साहेब. ओठाच्या मध्यावर घ्या. थांबा." मी बाटलीतला डिंक लावून नीट बसवून दिली. झुपकेदार, टोकं वर वळवलेली मिशी त्यांच्या गोल चेहऱ्यावर अशी काही शोभली की खिडकीतले लोकसुद्धा वाकून बघायला लागले. खिलारे आरशापुढे डावीकडून, उजवीकडून बघत राहिले.

"आमच्या घरात कुणालाच मिशी येत न्हाई," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. गर्दी बाजूला झाली. खिलारे गडबडीनं मिशी ओढायला लागले, ती निघेना.

"ओढू नका, कातडं निघेल. स्पिरिट लावावं लागतं."

"मग लाव की!"

पण ती आत आली होती. निळं पातळ, उंच, सडपातळ, हेडफोनच्या पट्टीनं माथ्यावरचे केस चापून बसलेले. तिची नजर पहिली खिलारेंवर गेली.

"हे कोण?"

"मी खिलारे, ताई," मिशीखालून आवाज आला.

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला. जगदाळे बाहेर आले, त्यांनी खिलारेंच्या मिशीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी मला, चहावाल्याला आणि सही घ्यायला आलेल्या कोर्टाच्या कारकुनाला भिंतीशी ओळीत उभं केलं.

"नीट बघा, बाई."

तिनं तिघांकडे पाहिलं. "यातला कोणी नाही."

"हा शेवटचा. याच्याकडे पुन्हा बघा."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या सरळ नजरेनं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"हा नाही. तो दिसायला चांगला होता."

चहावाला फिस्सकन हसला. मी सुटत होतो, तरी ते वाक्य मला लागलं.

"बाई, हा वेष बदलणारा माणूस आहे," जगदाळे म्हणाले. "रंग लावून चेहरा बदलता येतो. याच्या पिशवीत सगळं साहित्य आहे. घाई करू नका."

ती म्हणाली, "साहेब, मी दिवसभर कानानं काम करते. आख्ख्या तालुक्यातली माणसं मी आवाजावरून ओळखते. चेहऱ्याचं सोडा. याला बोलायला लावा."

"काय बोलायला लावू?"

"मी सांगते ते." तिनं पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. "साखरपुड्याच्या दिवशी तो मला एक वाक्य बोलला होता. ते यांनी म्हणावं."

जगदाळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. गजांमागे सात-आठ तोंडं होती. "खिलारे, ती खिडकी लावा."

"राहू द्या उघडी," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून स्पष्ट, मोठ्या आवाजात, जणू फोनवर नंबर सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "म्हणा. कुमुद, तुझ्यासारखं माणूस देव एकदाच घडवतो."

खिलारेंनी मान खाली घातली. खिडकीतली एक बाई पदर तोंडाला लावून मागे सरली. मी कुमुदच्या हातांकडे पाहिलं. पर्सवरची बोटं पांढरी पडली होती.

मी घसा खाकरला. सहा वर्षं नाटकवाल्यांत काढली होती, शेकडो वाक्यं पडद्याआडून ऐकली होती.

"कुमुद..." म्हणालो आणि अडलो. परक्या मुलीला असं नुसत्या नावानं हाक मारणं जमेना. "कुमुदताई, तुमच्या... तुमच्यासारखं माणूस... देवानं... एकदाच..."

पुढचा शब्दच आठवेना. कपाळावर घाम आला. "माफ करा. पुन्हा म्हणतो. कुमुदबाई..."

आणि ती हसली. आधी नुसती खांदे हलवून, मग मोठ्यानं. पर्स बाकावर टाकून तिनं तोंड हातांनी झाकलं, तरी हसू बोटांमधून बाहेर येत होतं. खिलारे हसले, त्यांची मिशी हलली, ती बघून तिला आणखी हसू आलं. शेवटी डोळे पुसत ती जगदाळ्यांना म्हणाली, "हा नाही, साहेब. तो एकदाही अडखळला नव्हता."

जगदाळ्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि उभं राहून माफी मागितली. मिरजेचा फोन लागायच्या आत मी सुटलो. मी खिलारेंची मिशी स्पिरिटनं काढून दिली. त्यांनी ती हातात घेऊन एकदा पाहिली आणि पुठ्ठ्यावर जागच्या जागी टोचून ठेवली.

पण शाळेत पोचलो तर दाराशीच मुख्याध्यापिका दाणीबाई उभ्या होत्या. मागे शिक्षिका, मागे काही पालक. स्टँडवरची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"हे बघा," दाणीबाई अवघडून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं असेल. पण मुलींची शाळा आहे. पोलिसांनी नेलेल्या माणसाला मी आत कसं घेऊ? आम्ही बिनरंगाचंच करू संमेलन."

बरोबर आलेले खिलारे म्हणाले, "बाई, साहेबांनी सोडलंय त्यांला."

"सोडतात हो. चोरालाही सोडतात," एक पालक म्हणाले.

मला मास्तरांचा चेहरा आठवला. मिरजेला जाऊन काय सांगणार होतो? मी पिशवी उचलली. तेवढ्यात मागून पुन्हा ती सायकलची घंटी वाजली. आमच्या मागोमाग ती आली होती. ती फाटकातून आत येताना शिक्षिका आपसांत कुजबुजल्या, पालकांनी वाट दिली. वर्षभरात ती अशी चार माणसांत आली नव्हती.

"दाणीबाई," ती म्हणाली, "हा तो नाही."

"अगं पण कुमुद, खात्री..."

"या गावात त्याला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

तिनं सायकल भिंतीला टेकवली.

"आणि तरी काळजी वाटत असेल, तर मी इथं बसते. संमेलन संपेपर्यंत. माझी ड्यूटी संपलीय."

दाणीबाईंनी दार सोडलं.

साडेतीन वाजले होते. सहाला पडदा. अठ्ठावीस मुली बाकांवर ओळीनं बसल्या. एक राजा, एक प्रधान, चार शिपाई, एक वाघ आणि बाकी नाचातल्या. मी रंगाची पावडर पाण्यात मळायला घेतली. कुमुदनं न सांगता डिंकाची बाटली धरली, मग कापूस दिला, मग मुलींचे केस मागे बांधून पाठवायला लागली. राजाच्या पोरीला मिशीच्या गुदगुल्या होत होत्या. वाघ रडत होता, कारण त्याला परी व्हायचं होतं.

"वाघाला एक टिकली लावू का?" मी विचारलं.

"लावा," कुमुद म्हणाली. "वाघीण आहे म्हणू."

वाघीण खूश झाली.

पाच वाजता, नाचातल्या मुलींचे गाल रंगवताना मी धीर करून विचारलं, "तुम्ही इथं का आलात? चौकीत सांगितलंत तेवढं पुष्कळ होतं."

ती कापसाचे गोळे करत होती. हात थांबवले नाहीत. "वर्षभर सगळे मला सांभाळून घेतायत. माझ्यासमोर लग्नाचं बोलत नाहीत, पाटल्या घालून येत नाहीत. घरात हसायचं झालं तरी आई आधी माझ्याकडे बघते, मग हसते. आज पहिल्यांदा कोणाचं तरी माझ्या शब्दावाचून अडलं होतं." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि तुम्ही घामाघूम झालात तेव्हा कळलं, ते वाक्य किती वाईट होतं. मी वर्षभर ते जपून ठेवलं होतं हो!"

आम्ही दोघंही इतकं हसलो की माझा हात हलून एका मुलीची भुवई कानापर्यंत गेली.

एकीचाही रंग ओघळला नाही. राजा संवाद विसरला, वाघिणीला टाळ्या पडल्या, आणि कुमुद पहिल्या रांगेत आईवडिलांच्या मध्ये बसली होती. शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी निघालो. तिनं लांबूनच मान हलवली.

मिरजेला आल्यावर मी तिला एक पोस्टकार्ड टाकलं. चार वेळा लिहून फाडलं आणि शेवटी फक्त 'आपले आभार' एवढंच उरलं. उत्तर आलं नाही. येणार तरी कशाला, असं मी स्वतःला समजावलं.

मार्चमध्ये एका सकाळी दार वाजलं. आईनं उघडलं आणि तिथंच थिजली. दारात खिलारे उभे होते, पूर्ण गणवेशात. समोरच्या घरांच्या खिडक्या भराभर उघडल्या.

"भालू," आई मागे न बघता म्हणाली, "काय करून बसलास?"

खिलारे आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी वही काढली. "चौकशी हाय. पूर्ण नाव?"

मी सांगितलं.

"जलमतारीख? घर सोताचं का भाड्याचं? तंबाखू? दारू? आजार-बिजार? पयलं कुठं लगीन ठरून मोडलेलं?"

"साहेब, गुन्हा तरी काय आहे?"

"गुन्हा न्हाई वो." त्यांनी पेन कानाला लावलं. "आवटी कंपाउंडरांनी धाडलंय. मागल्या बारीला चौकशी केली न्हाई आन फसले. म्हणले, आता पोलिसाकडनंच करून घिऊ, म्हंजे नड न्हाई."

"पण त्यांना माझं नाव कोणी सुचवलं?"

"कोण सुचवणार? पोरीनं. म्हणली, करायचं तर ह्याच्याशी, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." त्यांनी वहीत बघितलं. "तुमचं काय म्हणणं? त्ये बी लिवायचंय."

"हो," मी म्हणालो. या वेळी अजिबात अडलो नाही.

आईनं मला कोपऱ्यात घेऊन सगळं विचारलं. कुमुदच्या मोडलेल्या साखरपुड्याचंही मी लपवलं नाही. ती बाहेर आली. "आमच्या मुलाची चौकशी तुम्ही केलीत. त्या मुलीची कोणी करायची?"

"तुम्ही करा की, मावशी. साडेदहाची गाडी हाय."

आईनं खुंटीवरची पिशवी घेतली.

"मीही येतो," मी म्हणालो.

"तू काय करणार येऊन? तुझी झाली चौकशी."

ती पुढे आणि तिची पिशवी धरून हवालदार मागे, अशी दोघं गल्लीतून गेली. शेजारचे मगदूम लुंगी सावरत धावत आले. "काय झालं हो? काकूंना का नेलं पोलिसांनी?" मला हसू आवरेना, त्यामुळे त्यांना माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं. दिवसभर गल्लीतली माणसं येऊन मला धीर देऊन गेली. एकानं वकिलाचा पत्ताही दिला.

दिवेलागणीला आई परतली. दारात बसून तिनं चपला काढल्या, तांब्याभर पाणी पायांवर घेतलं. मी समोर उभा होतो.

"काय झालं?"

"मुलगी चांगली आहे," आई म्हणाली. "तुझ्या मानानं जरा जास्तच चांगली आहे. म्हणून मी घाईनं होकार देऊन आले."